कल्पाचा डबा

दिवाळीचा फराळ तळाला गेला, चकल्यांचा चुरा आणि दोन-चार चुकार शंकरपाळे उरले, की आमच्या आजोळी दुसरा फराळ सुरू व्हायचा. हा बाळंतिणींचा. अळीव, डिंक, खारका, सुकं खोबरं, मेथ्या, बाळंतशेपा असं सगळं मामाच्या पिशवीतून खोपोलीहून एसटीने यायचं. कागदाच्या पुड्यांवर वाण्याने पेन्सिलीने नावं घातलेली असायची. शतावरी मात्र पुडीतून आलेली आजीला चालायची नाही. ती डोंगरातूनच यायला हवी, मुळांना माती लागलेली.

आजोळ पालीजवळच्या एका खेड्यात. तेव्हा जिल्हा कुलाबा. त्याचा रायगड झाला १९८१ साली. माणसं पालीला यायची ती बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आणि दर्शन आटोपलं की परतीची एसटी गाठायची. मागे उभा असलेला सरसगड आणि त्याच्या पलीकडची रानं फार कुणी बघत नसे. आजीला मुली पाच. पहिलं बाळंतपण माहेरी, जमलं तर दुसरंही माहेरी, हा त्या काळचा शिरस्ता. त्यामुळे माघ-फाल्गुनाच्या सुमाराला माजघराशेजारची काळोखी खोली बहुतेक वर्षी भरलेली असायची. आज ही मावशी, उद्या ती मावशी. माझा जन्मही त्याच खोलीतला.

शतावरी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगायचं तर ही एक काटेरी वेल. आमच्या परसातल्या गडग्यावर ती आपली आपण वाढायची. पानं म्हणून आपण ज्याला हात लावतो ते असतात बारीक, टोकदार हिरवे फाटे. लांबून बघितलं तर कुणी शेपूच्या जुड्या सोडून गडग्यावर पसरल्यात असं वाटावं. शेपू समजून हात घातलात की मात्र आकडे पडलेले काटे परकराला धरतात आणि सोडत नाहीत. पाऊस ओसरला की तिला बारीक पांढरी फुलं येतात. एकेका फुलात काही नाही, पण सगळी वेल फुलली की संध्याकाळी त्या बाजूने जाताना वास थांबवतो. मग हिरव्या गोळ्या धरतात, त्या लाल होतात, पाखरं खातात. पावसाच्या तोंडी जमिनीतून तिचे कोवळे कोंब वर येतात, त्यांची आजी भाजी करायची. कांदा, लसूण, मिरची, वर ओलं खोबरं. आता मॉलमध्ये अॅस्परॅगसच्या चार काड्या प्लॅस्टिकात बांधून सोन्याच्या भावाने विकतात, ती हिची चुलतबहीण. फुलांच्या गुच्छात मागे खोचतात ती हिरवी नक्षीसुद्धा तिच्याच गणगोतातली. घराण्यात शहरात जाऊन नाव काढलेली मंडळी अशी बरीच.

गडग्यावरची वेल आजी खणू द्यायची नाही. ती बघायला आणि भाजीला. बाळंतिणीला दुधातून द्यायच्या शतावरी-कल्पासाठीची मुळं आणायची ती डोंगराकडच्या वाडीतली एक कातकरीण. मार्गशीर्षात वेल वरून पिवळी पडू लागते, सगळा जीव मुळांत उतरतो, तेव्हा ती यायची. डोक्यावर पाटी, हातात लोखंडी पहारीचा हातभर तुकडा, कमरेला कोयता आणि बहुतेक वेळा पाठीशी झोळीत एक पोर. पाटी ओटीवर उतरली की आम्ही मुलं भोवती गोळा व्हायचो. करंगळीएवढी जाड, दोन्ही टोकांना निमुळती, पांढुरकी मुळं, एका गाठीला पन्नास-साठ लोंबत असलेली. एकदा हट्ट करून मी तिच्याबरोबर रानात गेले होते. ती वेलीच्या बुंध्यापासून वीतभर लांब खणायला लागायची, माती हाताने सारायची आणि एका अंगाची मुळं तोडून घ्यायची. मधला गड्डा आणि दुसऱ्या अंगाची मुळं तशीच ठेवून माती परत लोटायची, वर पायाने दाबायची.

"सगळी का नाही घेत?" मी विचारलं.

"मंग पुढल्या साली तुज्या आजीला काय देव?"

संवर्धनावरची पुष्कळ भाषणं मी पुढे ऐकली, पण या प्रश्नाला त्यांतल्या एकाचीही सर आली नाही. रानातली शतावरी आता विरळ होत चालली आहे, कारण घाऊक मागणी आली आणि गड्ड्यासकट खणणारे हात आले. बाजारात येते तिच्यातली पुष्कळशी हल्ली शेतात लावलेली असते. दीड-दोन वर्षांनी काढतात. काढली तरी ती ओलीच. दहा किलो मुळं सोलून वाळवली की हाती किलो-दीड किलो लागतं.

आता कल्प. मुळं तीन-चार पाण्यांतून धुवायची, आधणात जराशी वाफवायची. मग साल नखाने सुटते. खरं काम त्यापुढचं. प्रत्येक मुळाच्या पोटात एक चिवट शीर असते, दोऱ्याएवढी. ती टोकाला धरून ओढून काढायची. अर्ध्यात तुटली तर मूळ चिरून उरलेली काढावी लागते, म्हणून हलक्या हाताने, पण न थांबता. मावस-मामे बहिणींत पैजा लागायच्या, कुणाची अख्खी शीर निघते. बोटं बुळबुळीत होऊन जात आणि एखादं मूळ हटकून तोंडात जाई. आधी गोडसर, मागून हलकेच कडवट. ग्रंथांत शतावरीचा रस मधुर-तिक्त दिलाय हे पुढे वाचलं, तेव्हा वाटलं, हे आम्ही परकराला बोटं पुसत ठरवलं होतं.

सोललेली मुळं पाट्यावर वाटायची, पंच्यात घालून रस पिळायचा. तो कल्हईच्या कढईत, त्यात अंदाजाने खडीसाखर, खाली मंद जाळ. आणि कढईपाशी मामी.

मामीला मूल नव्हतं. हे त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, पण बारशांना पाळण्याची दोरी कुणाच्या हातात द्यायची हे ठरवताना सगळ्या बायका क्षणभर गप्प होत, त्यावरून आम्हा मुलांना कळायचं. नणंदांचे कल्प मात्र वर्षानुवर्षं मामीनेच केले. पाक कधी चढतो, कधी उतरवायचा हे तिला वासावर समजायचं. उतरवल्यावरही हात थांबवायचा नाही. घोटत राहायचं, घोटत राहायचं, मग एका क्षणी चकाकणारा पाक आपली चमक टाकतो, पांढरट पडतो आणि बघता बघता रवाळ होतो. त्या क्षणी हात थांबला की झाला दगड; मग तो बत्त्याने फोडावा लागतो. मामीचा दगड कधी झाला नाही. वर वेलदोड्याची पूड, दोन-चार केशराच्या काड्या, आणि गार झाला की पितळी डब्यात.

त्या डब्याचा एक कायदा होता. घरातल्या प्रत्येक खाऊवर आधी देवाचा, मग आजोबांचा, मग मामांचा, मग मुलांचा हक्क. बायकांच्या वाट्याला खरवड आणि तळाची बुंदी. कल्पाच्या डब्याला हा क्रम लागू नव्हता. तो बाळंतिणीचा. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, कोमट दुधातून, तिनेच घ्यायचे. तिची आई म्हणून आजीदेखील चाखून बघायची नाही. त्या अख्ख्या घरात बाईने स्वतःसाठी, समोर बसून, कुणाला न वाटता खायची अशी ती एकच वस्तू होती असं मला आता वाटतं. बारा महिने उष्ट्या-शिळ्याचा हिशोब ठेवणाऱ्या मावश्या दुधाचा पेला हातात धरून बाजेवर बसलेल्या असत आणि आजी समोर उभी असे, संपेपर्यंत.

कायदा आजीने एकदा स्वतःच वाकवला. त्या वर्षी कल्प झाला तेव्हा तिने आधी एक चिनी मातीची लहान बरणी भरली आणि मामीच्या पुढ्यात ठेवली. "तुझं अंगावरून फार जातं. कंबर धरते. महिनाभर घे, आणि माघात उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन ये." ओटीवर आत्तेसासू बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाळंतीण नाही, बाळ नाही, तिला कशाला कल्प?" आजीने मान वरसुद्धा केली नाही. "बाईच्या अंगात जोर लागतो तो काय फक्त पोरं काढायला?" विषय संपला. आयुर्वेदात शतावरी काही नुसती दुधासाठी सांगितलेली नाही. शीत, स्निग्ध, बल देणारी, पित्त शमवणारी म्हणून पाळीच्या तक्रारींत आणि थकव्यातही ती देतात. आजीने हे कुठे वाचलं नव्हतं. तिने सुनेचा चेहरा वाचला होता. मामीने त्या बरणीचं काय केलं मला माहीत आहे, कारण मी तिच्याच खोलीत निजत असे. ती रात्री कंदील बारीक करून चमचाभर कल्प तळहातावर घ्यायची आणि दुधाशिवायच, कण कण करून, खूप वेळ खायची.

आणखी एक वाटणी आठवते. कातकरीण त्या साली आली ती नेहमीपेक्षा वाळलेली. झोळीतलं पोर अगदी कोवळं. दिवाळीनंतर त्यांची बिऱ्हाडं वीटभट्ट्यांवर जातात, पाऊस लागेस्तोवर तिथेच. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची. ही जायच्या आधी बाळंत झाली होती आणि पाचव्या दिवशी लाकडाची मोळी घेऊन बाजारात गेली होती. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, उशीर का झाला याचं कारण म्हणून सांगितलं. आजी आत गेली, पेज आणली, ओव्याची पुडी आणली आणि पळसाच्या पानावर मोठी मूठभर कल्प घालून दिला, आदल्या खेपेच्या मुळांचा. "तू खा हो हा. दूध येईल." ती पान घेऊन पायरीवर बसली. थोड्या वेळाने आजी बाहेर येऊन बघते तो तिचा चार-पाच वर्षांचा मोठा मुलगा पान चाटतोय.

"अगं, तुला दिला होता तो!"

"ग्वाड हाय ना आजी. त्याला आवाडला."

आजी काही वेळ तशीच उभी राहिली. मग दुसरं पान भरून आणलं आणि दारात बसून राहिली, ती खाईपर्यंत. ज्यांच्या हातून शतावरी घरात येते त्यांच्या बाळंतपणाला ती मिळत नाही, हे आजीला दिसलं ते त्या एका सकाळपुरतं. पुढच्या साली पाटी आली तेव्हा पुन्हा तांदूळ आणि जुनं लुगडंच दिलं गेलं. आजीवर माझी माया आहे म्हणून हे गाळायचं असं मला वाटत नाही.

आणि त्या खोलीबद्दलही सगळं गोड गोड लिहिता येणार नाही. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या साली. संध्याकाळी वेखंडाची आणि कडुलिंबाची धुरी. आईच्या कानाला घट्ट फडकं, खिडकीला गोणपाट, वारं नको म्हणून. तो वास अजूनही कुठे आला तर मी थबकते, इतका तो माझ्या अंगात आहे. पण त्या धुरात दोन दिवसांची बाळं खोकत असायची, आणि बाळंतिणीला पाणी द्यायचं ते मोजून, ओंजळभर. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे दूध वाढावं म्हणून एवढी खटपट करणारं तेच घर पहिले तीन दिवस आईचा चीक पिळून फेकून देत असे आणि बाळाला मधाचं बोट चाटवत असे. पिवळं दूध बाधतं म्हणे! आज प्रत्येक नर्स सांगते की तो चीक म्हणजेच बाळाची पहिली लस, जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्या. शतावरीने दूध खरंच वाढतं का, यावरही डॉक्टरांच्या चाचण्यांचं एकमत नाही. १९९६ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आलेल्या चाचणीत शतावरी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या आयांत फरक दिसला नव्हता. पुढच्या काही लहान चाचण्यांत दिसला. दूध येतं ते मुख्यतः बाळ ओढतं म्हणून, हे मात्र सगळेच सांगतात. मला विचाराल तर त्या खोलीत शतावरीच्या नावावर खूप जणांचं काम जमा होत होतं. दोन वेळचं दूध, मऊ भातावर तूप, सव्वा महिना चुलीपासून सुटका, आणि आपल्यासाठी कुणीतरी तासभर कढई घोटली आहे हे माहीत असणं. यातलं काय किती लागू पडलं हे वेगळं काढणार कसं?

आजोबांचा मात्र या सगळ्यात एक स्वतंत्र लढा होता. त्यांना गोडाची भारी हौस, आणि डबा आतल्या खोलीत. कपाटात शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' होता, तपकिरी कागदाचं वेष्टन घातलेला. पदेशास्त्री म्हणजे १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलन भरवणारे, त्यांचा शब्द आजोबांना प्रमाण. पोट बिघडलं, पोरगं रडलं, बैल लंगडला, काही झालं तरी आजोबा तो उघडून बसत. एका वर्षी ते ग्रंथ उघडाच हातात घेऊन माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. शतावरी पुरुषांनाही बल्य आणि धातुपौष्टिक आहे, असा त्यांचा मुद्दा. सोबतीला गावातले म्हातारे वैद्य आणले होते. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली पनवेलला काढलेल्या धूतपापेश्वरच्या औषधांवर त्यांची श्रद्धा, त्यामुळे दर वाक्यात पनवेल. वैद्यबुवा म्हणाले, "वहिनी, शास्त्राला धरून आहे. अहो, च्यवनप्राशात मेदा घालायला सांगितलीय, ती हिमालयातली. ती मिळत नाही म्हणून भावप्रकाशाने तिच्या जागी शतावरीच दिली आहे. च्यवन ऋषी पुरुषच ना?"

आजी पोळ्या लाटत होती. "मग च्यवनप्राश आणा तुम्हाला," ती म्हणाली. "पनवेलहून."

आणि खरंच पुढच्या खेपेला आजोबांसाठी च्यवनप्राश आला. तो त्यांनी महिनाभर चमच्याने मोजून घेतला आणि उन्हाळ्यात आम्हा मुलांना बोटाने वाटून टाकला. कल्पाच्या डब्याजवळ ते पुन्हा गेले नाहीत, निदान दिवसाउजेडी तरी.

आता आम्ही डोंबिवलीत. आजोळच्या घराची वाटणी झाली, गडगा पडला, वेलीचं काय झालं कुणाला ठाऊक नाही. चार वर्षांपूर्वी मुलीचं बाळंतपण झालं. मी कुंडीत लावलेल्या शतावरीला जेमतेम मूठभर मुळं आली होती. त्यांचा कल्प करायचा म्हणजे चमचा-दोन चमचे. शेवटी दुकानात गेले. तिथे कल्पाचे प्रकार सांगताना मुलगा दमला. वेलची, केशर, चॉकलेट, बिनसाखरेचा, गोळ्या, कॅप्सूल. बिनसाखरेचा कल्प कसा रवाळ होतो हे मामीला विचारायला हवं होतं. मी आपला साधा वेलचीचा घेतला. मुलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घेऊ दे, हरकत नाही, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. पाणी भरपूर, झोप मिळेल तेवढी, आणि बाळ मागेल तेव्हा पाजायचं." धुरीचं नावही काढायचं नाही असं बजावलं. विहीणबाई वऱ्हाडातल्या, त्या डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या आणि अळिवाच्या खिरीबद्दल त्यांचं माझ्याशी जमेना. पण दोघींनी मिळून लेकीला बाजेवर, म्हणजे सोफ्यावर, बसवून ठेवलं. लॅपटॉप तिच्यापासून लांब ठेवायला आमची दोघींची युती झाली.

जावई चांगला आहे. रात्री दोनला उठून लंगोट बदलतो, बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतो. आमच्या मामांपैकी एकानेही हे केल्याचं मला आठवत नाही. एका सकाळी स्वयंपाकघरात गेले तर तो आपल्या कॉफीत कल्पाचे दोन चमचे घालून ढवळत होता. मला बघून जरा ओशाळला.

"आई, इंटरनेटवर वाचलं, पुरुषांनाही चालतो म्हणे हा."

"चालतो," मी म्हटलं. "ग्रंथातही लिहिलंय. आमच्यात चालत नाही. तुला उद्या च्यवनप्राश आणते."